रस्त्यानं माल कोणाचा हे विचारू नये

सोयाबीनची रास झाली की आपल्याकडचा माणूस आधी मोबाईल काढतो. तो भालकीचा असो, औरादचा असो की कमलनगरचा. उदगीरच्या मोंढ्यात आज काय भाव निघाला, लातूरला काय निघाला, बिदरला काय, हुमनाबादला काय, ते बघतो. मग टेम्पो कुठं वळवायचा हे ठरवतो. क्विंटलमागं शंभर रुपयांचा फरक असला तरी तीस क्विंटलला तीन हजार होतात. लातूरला शिकणाऱ्या पोराची महिन्याची खाणावळ त्यात निघते.

हे चारही भाव तुमच्या मोबाईलवर सारख्याच हक्कानं येतात. बिदरचा भाव आधी पाठवा आणि उदगीरचा मागं ठेवा, असं मोबाईल कंपनीला करता येत नाही. तुम्ही डेटाचे पैसे भरले. आता त्या डेटात काय बघायचं ते तुम्ही ठरवायचं. भाव बघा, कीर्तन ऐका, पहाणी काढा, पोरीला व्हिडिओ कॉल करा. कंपनीनं फक्त पोचवायचं.

हे आपोआप झालेलं नाही. त्यामागं एक नियम आहे. त्याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. नाव अवघड असलं तरी गोष्ट सोपी आहे. रस्त्यावर टोल घेताना गाडी केवढी आहे ते बघावं. आत माल कोणाचा आहे ते विचारू नये.

हा नियम तुमच्या घरचा आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कारंजा धरणाच्या कालव्यावर ज्यांचं शेत आहे त्यांना हे लवकर कळेल. कालव्यात पाणी ठरलेलं असतं. वरच्या अंगाच्या माणसानं दार जास्त उघडलं की शेपटाकडच्या वाफ्यात पाणी पोचत नाही. कोणी पाणी चोरलं असं दिसत नाही. फक्त शेवटच्या माणसाची तूर वाळते.

मोबाईलच्या टॉवरचंही तसंच आहे. एका टॉवरमध्ये एका वेळी ठरावीकच माल वाहायची ताकद असते. संध्याकाळी सगळं गाव एकदम नेट लावतं आणि ती ताकद वाटली जाते. आता समजा, एखाद्या मोठ्या व्हिडिओ कंपनीनं मोबाईल कंपनीला पैसे दिले आणि सांगितलं, ‘माझा माल आधी पोचवा.’ टॉवर तोच, ताकद तीच. तिचा माल पुढं गेला की कोणाचा तरी मागं राहणारच.

मागं कोण राहील? ज्याच्यासाठी पैसे भरणारं कोणी नाही, तो.

इथं आपल्या भागाचा विचार करा. १९५६ साली जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. जहिराबाद, नारायणखेड तिसरीकडे. नातीगोती मात्र वाटली गेली नाहीत. आजही तुमच्या घरात जमिनीची पहाणी कर्नाटकची असते आणि सुनेच्या माहेरचा सातबारा महाराष्ट्राचा. धाकटा बसवकल्याणला मराठी शाळेत शिकतो. त्याचं पुस्तक कर्नाटकच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या साइटवरून उतरवता, आणि जोडीला बालभारतीचंही बघता.

आपल्याला दोन्हीकडचं लागतं. आणि दोन्हीकडच्या हिशेबात आपण थोडे आहोत. मोबाईल कंपनीच्या खात्यात तुम्ही ‘कर्नाटक सर्कल’चे ग्राहक. त्यात मराठी वाचणारे मूठभर. पैसे देणाऱ्यांसाठी वेगळी वाट निघाली तर तिच्यात मोठ्या भाषेचे मोठे दुकानदार बसतील. लातूरहून चालणारी छोटी बातम्यांची साइट त्या वाटेचे पैसे भरू शकणार नाही. गावोगाव फिरणाऱ्या कीर्तनकाराचं चॅनल तर नाहीच नाही. ती बंद होणार नाहीत. नुसतं गोल गोल फिरत राहील. दोन-चार वेळा वाट बघून तुम्हीच कंटाळून दुसरं काही लावाल. वाळणारी तूर म्हणतो ती ही.

आता हे सगळं कल्पनेतलं आहे असं समजू नका. आपल्या देशात हे होता होता राहिलं आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर एक योजना आणली. नाव इंटरनेट डॉट ऑर्ग. ठरावीक तीसेक साइट फुकट बघा, त्याला डेटा लागणार नाही, अशी ती योजना. सुरुवात सहा राज्यांत झाली. त्यात महाराष्ट्र होता, तेलंगणही होतं. कर्नाटक नव्हतं. म्हणजे उदगीरच्या बहिणीला जे फुकट, ते भालकीच्या भावाला नाही. कोणत्या साइट त्यात बसणार हेही तुम्ही ठरवायचं नव्हतं. गूगलवर शोधायची सोय त्यात नव्हती. नेटचा मोठा वाडा बाहेर, आणि आपल्याला ओसरीवरचं जेवढं मांडलं तेवढंच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअरटेलनं ‘एअरटेल झीरो’ आणलं. ज्या ॲपची कंपनी पैसे भरेल ते ॲप ग्राहकाला फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं, पण लोकांनी इतकी नाराजी दाखवली की आठवडाभरात त्यांनी अंग काढून घेतलं. त्याच सुमारास ट्राय या सरकारी नियामक संस्थेनं लोकांचं मत मागवलं होतं. दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. तोवर आपल्या देशात मोबाईलच्या नियमांवर एवढी माणसं कधी बोलली नव्हती.

फेसबुकनं पुढं योजनेचं नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ केलं. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती आल्या. मिस्ड कॉल द्या म्हणाले. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकेरबर्गनं एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला या योजनेतून हवामान कळतं, पिकांचे भाव कळतात, असं.

त्या शेतकऱ्याचा फायदा झालाच नाही असं मी म्हणणार नाही. अडल्या माणसाला थोडंही मोलाचं असतं. पण तुम्ही शेती करता, तुम्हीच सांगा. भाव कळला म्हणजे कोणता? कोणत्या मोंढ्याचा? आज सकाळचा की कालचा? पुढच्या वर्षी एखाद्या पोरानं आपल्या चार बाजारांचे भाव एकत्र दाखवणारं मराठी ॲप बनवलं, तर ते त्या फुकटच्या यादीत कधी बसेल आणि कोणाच्या पाया पडून बसेल?

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं निकाल दिला. साइट किंवा ॲप बघून डेटाचा दर कमीजास्त करायचा नाही. मोडलं तर दिवसाला पन्नास हजार रुपये दंड, जास्तीत जास्त पन्नास लाख. संकटकाळापुरती सूट ठेवली. तीन दिवसांत फेसबुकनं भारतातून फ्री बेसिक्स काढून घेतलं.

तेव्हा पुष्कळ जण हळहळले. गरिबाला फुकट मिळत होतं, तेही गेलं, असं म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढं काय झालं ते तुम्ही घरात बघितलंय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, कंपन्यांत चुरस लागली, आणि महिन्याला एक जीबीसाठी अडीचशे रुपये मोजणारं घर रोजचा दीड जीबी वापरू लागलं. स्वस्त झालं ते सगळं नेट स्वस्त झालं, तीस साइटपुरतं नाही. गरिबाला खरा उपयोग त्याचा झाला.

दराचा प्रश्न असा मिटला. वेगाचा २०१८ मध्ये मिटला. सरकारनं कंपन्यांच्या परवान्यातच अट घातली. कोणाचा मजकूर अडवायचा नाही, मंद करायचा नाही, कोणाला पुढं काढायचं नाही. अपवाद ठेवले ते दूरवरून शस्त्रक्रिया करण्यासारख्या खास कामांसाठी. गर्दीच्या वेळी रहदारी सांभाळायची मुभाही ठेवली.

म्हणून आता तुमच्या हाती काय आहे ते सांगतो.

नेट मंद झालं की लगेच कंपनीला दोष देऊ नका. आधी घरातलं तपासा. रोजचा डेटा संपला का? बहुतेक प्रीपेड पॅकांत डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात साधा निरोप जातो, व्हिडिओ चालत नाही. पोरांनी दुपारीच सगळा डेटा सिनेमावर घालवला असेल तर संध्याकाळी आजोबांचं कीर्तन अडणारच. हे नियमात बसतं, कारण मंद होतं ते सगळंच सारखं मंद होतं.

गर्दीचंही तसंच. दत्तजयंतीला देवल गाणगापूरला गेला असाल तर माहीत आहे. भीमा-अमरजेच्या संगमावर उभं राहून फोटो पाठवला तरी तो जात नाही. तिथं सगळ्यांचंच अडतं. दहावीच्या निकालादिवशी निकालाची साइट बसते, त्यातही मोबाईल कंपनीचा हात नसतो.

अजून एक गोष्ट न लपवता सांगायला हवी. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपला माल आधीच मोठ्या शहरातल्या गोदामात आणून ठेवतात. म्हणून तो थोडा लवकर येतो. आपला आडत्या बाजाराजवळ गोदाम घेतो तसंच हे. नियमानं याला मुभा आहे. गोदाम घेणं वेगळं आणि रस्ता अडवणं वेगळं.

तुम्ही लक्ष ठेवायचं ते एका खुणेवर. सगळंच मंद आहे, की एकच गोष्ट मंद आहे?

एकच मंद वाटलं तर असं करा. त्याच वेळी, त्याच जागी, त्याच मोबाईलवर दुसरी तशीच साइट लावून बघा. मग शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तीच अडलेली साइट लावा. तिथं ती नीट चालली आणि तुमच्याकडे तीन-चार दिवस रोज अडली, तर विचारायला जागा आहे. ट्रायचं ‘मायस्पीड’ नावाचं ॲप आहे. त्यात वेग मोजून ठेवा. तारीख, वेळ, गाव वहीत लिहा. पडद्याचा फोटो काढा. म्हाताऱ्या माणसाला हे जमणार नाही असं समजू नका. दूध डेअरीचं फॅट ज्या वहीत लिहिता तिच्याच मागच्या पानावर हे बसतं.

रिचार्ज मारताना दुकानदार ‘फुकट’ म्हणाला की थांबा. फुकटचे दोन प्रकार आहेत. एकात पॅकबरोबर एखाद्या सिनेमाच्या ॲपचं वर्षभराचं सभासदत्व मिळतं. ते चालतं. पण त्यावर सिनेमा बघताना तुमचाच डेटा जातो, हे पक्कं लक्षात ठेवा. पुष्कळ घरांत भांडण इथं होतं. दुसऱ्या प्रकारात ‘या ॲपला डेटा लागतच नाही’ असं सांगतात. असं पॅक २०१६ पासून देता येत नाही. कोणी सांगितलं तर म्हणा, कंपनीच्या साइटवर दाखव. दाखवता आलं नाही तर तो पॅक घेऊ नका.

आणि कोणी फोन करून ‘तुमचं नेट जोरात करून देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. वेग ओटीपीनं वाढत नाही. बँकेतले पैसे मात्र ओटीपीनं जातात.

तक्रार करायची तर १९८ हा नंबर लावा. फुकट आहे. कन्नड बोलता येत नसेल तर हिंदीत बोला, संकोच करू नका. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर ते मोबाईल बंद करून चालू करायला सांगतील आणि फोन ठेवतील. म्हणून नेमकं सांगा. अमुक साइट, अमुक तारखांना, अमुक वेळी मंद होती. बाकीचं चालू होतं. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ती चालत होती. मग तक्रारीचा नंबर मागा. तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

समाधान झालं नाही तर त्याच कंपनीत वर अपील करता येतं. मुदत तीस दिवसांची. पैसे लागत नाहीत. ३९ दिवसांत त्यांनी निकाल द्यायचा असतो. ट्राय एकेका माणसाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिथं अर्ज करून वाट बघत बसू नका. १९१५ हा ग्राहकांसाठीचा राष्ट्रीय नंबर आहे. तिथं मराठीतही बोलता येतं. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे मोठं सोयीचं आहे, कारण आपलं गाऱ्हाणं आपल्या भाषेत सांगितलं की नीट सांगता येतं. त्याहून पुढं जायचं तर जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथं जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. घेतलेल्या सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही.

नाहीच जमलं तर कंपनी बदला. मोबाईलवर पोर्ट असं इंग्रजीत लिहा, जागा सोडा, आपला नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. कोड येतो. तो चार दिवस चालतो. सिम घेऊन नव्वद दिवस झालेले असावेत. २०१५ च्या जुलैपासून दुसऱ्या राज्याच्या सर्कलमध्येही तोच नंबर नेता येतो. लातूरला नोकरी लागलेल्या पोरानं नंबर बदलायची गरज नाही. पण आधी गावात फिरून विचारा, तुमच्या वस्तीवर कोणाची रेंज खरंच लागते. आपल्याकडे पुष्कळ गावांत नीट चालणारी एकच कंपनी असते, आणि तिथं ‘बदला’ हा सल्ला कोरडा ठरतो. अशा गावाला तर हा नियम जास्तच हवा, कारण त्या माणसाला दुसरी वाटच नाही.

आता पुढचं. नियम आहे म्हणून तो राहीलच असं नाही.

२०२० साली एक वेगळीच गोष्ट झाली. व्होडाफोन-आयडियाची ‘रेडएक्स’ आणि एअरटेलची ‘प्लॅटिनम’ अशा योजना आल्या. इथं साइट पैसे भरत नव्हती, ग्राहक भरत होता. महागडं पॅक घ्या, तुम्हाला जोरात वेग मिळेल. जुलैमध्ये ट्रायनं त्या थांबवायला सांगितलं आणि विचारलं, यानं बाकीच्यांचा वेग कमी होणार नाही कशावरून? प्रकरण दूरसंचार लवादापर्यंत गेलं. तो प्रश्न बरोबर होता. वरच्या अंगाला दार उघडलं की शेपटाला काय होतं, तोच तो.

आता ५जी आलं आहे, त्यामुळं हा प्रश्न पुन्हा येणार आहे. ५जीत एकाच टॉवरच्या ताकदीचे वाफे पाडता येतात. एक वाफा रुग्णालयाला, एक कारखान्याला, एक साध्या ग्राहकांना. बिदर किंवा कलबुर्गीच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर व्हिडिओवर खेड्यातला पेशंट तपासत असेल आणि त्याला पक्का वाफा मिळाला, तर कोणाची हरकत असेल? माझी नाही. काळजी एवढीच की दवाखान्याच्या नावानं उघडलेल्या दारातून उद्या सिनेमा आणि जुगाराचे खेळ पुढं जाऊ नयेत.

कंपन्यांची आणखी एक मागणी आहे. २०२३ पासून त्यांनी ती जोरात मांडली. मोठी ॲप आमच्या तारांवरून एवढा माल नेतात, त्यांनी आम्हाला वाटा द्यावा. टॉवरला खर्च येतो हे खरं आहे, ते म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. पण तुम्ही रिचार्जमधून त्या मालाच्या वाहतुकीचे पैसे आधीच भरले आहेत. दक्षिण कोरियात अशी देणी लागू आहेत. तिथं ट्विच नावाच्या व्हिडिओ कंपनीनं खर्च झेपत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये काम बंद केलं. ॲमेझॉनच्या मालकीची कंपनी जिथं टिकली नाही, तिथं आपल्या लातूर-बिदरची छोटी माणसं कशी टिकतील?

अमेरिकेत तर दहा वर्षं ओढाताण चालू होती. २०१३-१४ मध्ये नेटफ्लिक्सचे व्हिडिओ कॉमकास्ट या कंपनीच्या तारांवर मंद झाले. नेटफ्लिक्सनं थेट जोडणीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि वेग सुधारला. २०१५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं समान वागणुकीचा नियम केला. २०१७ मध्ये त्याच आयोगानं तो मोडायचं ठरवलं. २०२४ मध्ये पुन्हा केला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं तो रद्द केला. सरकार बदललं की नियम बदलला, कारण तो संसदेनं केलेला कायदा नव्हता.

आपलंही तिथं दुखतं. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी संसदेनं २०२३ साली नवा दूरसंचार कायदा केला. त्यात समान वागणुकीचं वेगळं कलम नाही. आपलं संरक्षण आहे ते ट्रायच्या नियमात आणि परवान्याच्या अटीत. अट लिहिणाऱ्याला अट बदलताही येते. शेताच्या बांधाची नोंद कागदावर असेल तर शेजारी विचार करतो. तोंडी ठरलेला बांध पेरणीगणिक सरकतो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

म्हणून खासदाराला पत्र लिहा. पोस्टकार्ड चालेल. आळंद आणि चिंचोळी कलबुर्गी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला बिदरमध्ये मोडतात, तेव्हा तिकडच्यांनी बिदरच्या खासदाराला लिहावं. एवढंच विचारा: मोबाईल कंपनीनं सगळ्यांच्या मालाला सारखं वागवावं, हे तुम्ही कायद्यात आणायला सांगाल का? उत्तर आलं तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. नाही आलं तर तीन महिन्यांनी पुन्हा लिहा.

ट्रायनं परत लोकांचं मत मागवलं तर गप्प बसू नका. आणि मोबाईलवर आलेलं तयार बटण दाबून मोकळे होऊ नका. फ्री बेसिक्सच्या वेळी लाखो माणसांच्या नावानं एकाच साच्याचा मजकूर गेला, आणि विचारलेल्या प्रश्नांचं उत्तर त्यात नाही असं ट्रायनं सांगितलं. खरं सांगायचं तर नियमाच्या बाजूनं गेलेल्यांतही साचे होतेच. तुमच्या स्वतःच्या चार ओळी त्याहून वजनदार आहेत. मी भालकी तालुक्यात शेती करतो. मला चार बाजारांचे भाव लागतात. माझी नात मराठी शाळेत शिकते. तिचं पुस्तक आणि शहरातल्या मोठ्या कंपनीचा सिनेमा एकाच रस्त्यानं यावेत, पुस्तक मागं राहू नये. इंग्रजी येत नसेल तर कॉलेजातल्या पोराकडून लिहून घ्या, पण शब्द तुमचे ठेवा.

गावात एक माणूस यासाठी नेमा. ज्याच्या दुकानात झेरॉक्स आणि ऑनलाइनची कामं होतात तो बरा. पहाणी काढायला, पेन्शनचा अर्ज भरायला सगळे त्याच्याकडेच जातात, आणि कोणती साइट कधी अडते हे सगळ्यात आधी त्याला कळतं. त्याला म्हणा, भिंतीवर एक कागद लाव. साइट, तारीख, वेळ. महिन्याला दहा ओळी झाल्या तरी पुष्कळ. एकट्याच्या तक्रारीला मोबाईल बंद करून चालू करा म्हणतात. एकाच गावातून, एकाच साइटबद्दल, तारखांसकट वीस तक्रारी गेल्या तर त्यांना बघावं लागतं.

आज संध्याकाळी पोरं घरी आली की एवढं करा. दूध डेअरीच्या वहीचं मागचं पान काढा. वर तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहा: १९८, १९००, १९१५. खाली घरातल्या प्रत्येक सिमची कंपनी, पॅक आणि संपायची तारीख. मग सातच्या सुमाराला उदगीरचा भाव, बिदरचा भाव आणि एखादा सिनेमा एकामागून एक लावून बघा, आणि कशाला किती वेळ लागला ते लिहून ठेवा.